पाट आणि चर

नीरेच्या डाव्या कालव्याचें पाणी १८८५ सालीं वाहूं लागलें, आणि अवर्षणानें गांजलेल्या बारामती व इंदापूर या तालुक्यांचें रूप पालटलें. विहीर खणावी, मोट हाकावी, थेंबाथेंबाचा हिशेब ठेवावा, हे कष्ट पुष्कळांचे टळले. ऊंस आला, पैसाही आला. परंतु पाणी बांधाशीं येऊन उभें राहिलें म्हणजे तें जमिनीखालीं कोठें मुरतें, हें विचारण्याची गरज कोणास वाटत नाहीं. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपॉल डॉ. हॅरोल्ड मॅन यांनीं एका सहकाऱ्यासह १९१० सालीं नीरेच्या खोऱ्यांतील खारवट जमिनींवर प्रबंध लिहिला. तोंवर कित्येक काळीं शेतें क्षारानें पांढरीं पडलीं होतीं. यावर उपाय पाट बुजविणें हा नव्हता. माती ओळखून निचऱ्याचे चर खणणें हा होता.

संगणकाच्या अर्वाचीन इतिहासांत हाच प्रश्न निराळ्या वेषानें आलेला आम्हांस दिसतो. यंत्र व मनुष्य यांमध्यें दुभाष्याचें काम करणारी जी कार्यप्रणाली, तिचा लिनक्स नांवाचा गाभा हेलसिंकीच्या लिनस टॉरव्हाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्यानें १९९१ सालीं जाहीर केला. त्याची घडण कोणासही वाचतां व बदलतां यावी, असा परवाना त्यास १९९२ मध्यें लाभला. १९९३ सालच्या स्लॅकवेअरसारख्या आवृत्ती बसविणाऱ्यास डिस्कचे भाग स्वतः पाडावे लागत, आज्ञा एकेक करून टंकाव्या लागत. यांत रात्री जात. पण यंत्राची नाडी हातीं लागे. पुढें ऑक्टोबर २००४ मध्यें उबुंटू आली, आणि मागेल त्यास तिची तबकडी विनामूल्य घरपोंच मिळूं लागली. चार बटणें दाबलीं कीं काम झालें.

या सुलभतेनें विद्या बुडाली, असें कित्येक जुने जाणते म्हणतात. हा आक्षेप आम्हांस अर्धाच पटतो. दुष्काळी गांवच्या शेतकऱ्यास ‘आधीं विहीर खण, मग पाणी पी’ असें सांगणें ही निर्दयता होय. जिला केवळ एक अर्ज लिहावयाचा आहे, त्या मुलीस आज्ञावली घोकावयास लावणें हेंही तसेंच. मात्र ज्यास यंत्रविद्याच शिकावयाची आहे, त्याचें एवढ्यानें भागत नाहीं. एके दिवशीं यंत्र अडतें, पडद्यावरील चित्रें मुकीं होतात, आणि आपणांस कांहींच ठाऊक नाहीं हें त्यास कळतें.

अशा वेळीं मोकळ्या प्रणालीचें मोल ध्यानांत येतें. उबुंटूच्या सोप्या पडद्यामागें आज्ञा देण्याची खिडकी आहे, आणि मूळ लेखनही वाचावयास खुलें आहे. बंदिस्त प्रणालींत पाट असतो, पण चर खणण्याची मुभा नसते.

कालव्याच्या त्या शेतकऱ्यांचीं पणतवंडें आज बारामती-इंदापूरच्या महाविद्यालयांत संगणक शिकत आहेत. त्यांच्या हातीं पहिल्या दिवशीं सोपी प्रणाली अवश्य द्यावी. परंतु पदवी देण्यापूर्वीं एकदां तरी संपूर्ण प्रणाली त्यांच्याकडून स्वहस्तें उभारवून घ्यावी, असें आमचें मत आहे.