पांढरी, काळी आणि घराची परवानगी

देशावर गावाचे दोन भाग मानत आले आहेत, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकणारी जमीन, पांढरी म्हणजे वस्ती. पिढ्यान् पिढ्या मातीची घरं पडायची, त्यांच्यावर नवी उभी राहायची, चुलीची राख आणि शेणमाती त्यात मिसळायची, आणि वस्तीखालची माती खरोखरच पांढुरकी व्हायची. शेतकरी ती गाड्या भरभरून शेतात नेत, खत म्हणून. हल्लीच्या मुलांना हे शब्द माहीत नसतात, त्यांना 'गावठाण' तेवढं ठाऊक असतं, तेही सरकारी कागदामुळे.

हे आठवायला कारण घडलं. गावातलं आमचं पडकं घर उतरवून तिथे दोन खोल्या बांधायचं पुतण्याच्या मनात आहे. त्याने अर्ज केला, तर मालकीचा पुरावा मागितला. मला फोन करून विचारतो, "काका, ते घर आपलं आहे याला पुरावा काय?" आता काय सांगावं! सगळं गाव सांगेल की ते मास्तरांचं घर आहे. पण गाव सांगेल याला कागद म्हणत नाहीत. मग म्हटलं, हा कागद मुळात का नाही याचा शोध घ्यावा. इतिहास शिकवण्याची खोड अजून गेलेली नाही, मंडळींनी सांभाळून घ्यावं.

पूर्वी घर बांधायचं तर पाटलाला आणि गावकीला विचारायचं. प्रश्न साधे असत. बैलगाडीची वाट अडते का, पागोळ्या शेजाऱ्याच्या भिंतीवर पडतात का? आणि न विचारताही ठरलेला प्रश्न, कोणत्या जातीचं घर कोणत्या आळीत? जुन्या गावगाड्याचं कौतुक करताना हा तिसरा प्रश्न आपण हळूच गाळतो. ज्यांची वस्ती वेशीबाहेर ठेवली होती त्यांना कोण विचारत होतं?

मग इंग्रज आले. प्रिंगलची पहिली पाहणी फसली आणि १८३६ मध्ये इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नवी सारापद्धत तीस वर्षांसाठी लावली. १८४७ च्या त्यांच्या संयुक्त अहवालानंतर ती मुंबई इलाख्यात पसरली. काम मोठं चोख होतं. ३३ फुटांची साखळी, साखळीचा चौरस म्हणजे गुंठा (१०८९ चौरस फूट, मुलांना मी हे कायम पाठ करायला लावत असे), ४० गुंठ्यांचा एकर. प्रत्येक शेताला नंबर, प्रत्येक मातीची आण्यांत प्रत. आपल्या सातबाराचं मूळ त्यातच आहे.

पण साखळी वेशीपाशी येऊन थांबली. गावठाणाभोवती एक रेघ ओढली आणि आतला भाग नकाशावर एकसंध कोरा ठेवला. कारण उघड आहे. सारा पिकावर होता, आणि घरात ज्वारी उगवत नाही. जिथून उत्पन्न नाही ते कशाला मोजा? आमच्या पुतण्याचा कागद तिथेच राहिला.

१८७९ चा मुंबई जमीन महसूल कायदा हा पुढचा टप्पा. त्याच्या ६५ व्या कलमाप्रमाणे शेतकऱ्याला आपल्या शेतात शेतीच्या सोयीची इमारत बांधायला, विहीर किंवा तळं खणायला मोकळीक होती. मात्र शेतीची जमीन दुसऱ्या कशाला वापरायची तर कलेक्टरची परवानगी हवी. यालाच आपण पुढे 'एन.ए.' म्हणू लागलो. हे कलम मी दोनतीनदा वाचलं. त्यात भिंतीची जाडी, पाया, छप्पर यातलं काही नाही. सरकारची काळजी एवढीच की जमिनीचा वापर बदलला तर आकारणीही बदलावी. खेड्यातल्या घराच्या परवानगीचा जन्म असा महसूल खात्यात झाला, बांधकाम खात्यात नव्हे. हे एकदा लक्षात आलं की पुढचा सगळा घोळ उलगडतो.

घरांच्या जागा मोजून सनदा देण्याची सोय कायद्यात होती, पण ती मोठ्या वस्त्यांसाठी. दोन हजारांवर लोकसंख्या ही अट १९६६ च्या संहितेतही राहिली. लहान खेडी कोरीच राहिली.

स्वातंत्र्यानंतर दारं वाढली. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याने जमिनीचे बारीक तुकडे विकायला बंदी केली. हेतू चांगला होता, पण घरापुरते दोन गुंठे विकत घेणाऱ्या गरिबाची त्यात अडचण झाली. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याच्या ५२ व्या कलमाने गावाच्या हद्दीत बांधकामाला पंचायतीची पूर्वपरवानगी लागू लागली. १९६६ मध्ये नगररचना कायदा आला आणि त्याच वर्षीची जमीन महसूल संहिता १५ ऑगस्ट १९६७ पासून अमलात आली. तिने पश्चिम महाराष्ट्र, मराठवाडा आणि विदर्भ यांचे वेगवेगळे कायदे एकत्र केले. तिच्या ४४ व्या कलमात एक गंमत होती. बिनशेतीच्या अर्जावर कलेक्टरने ९० दिवसांत निर्णय कळवला नाही तर परवानगी मिळाली असं समजायचं. 'समजायचं' हा शब्द फार गोड आहे. पण समजलेल्या परवानगीचा कागद कोण देणार आणि बँक तो कशी मान्य करणार, हे ज्याचं त्यानं समजायचं!

दरम्यान माणसं वाढली, रेघ होती तिथेच. गावठाण वाढवण्याचे प्रस्ताव झाले, काही मंजूर झाले, पण पोरांची लग्नं तोवर थांबत नाहीत. ज्याची जमीन होती त्याने शेतात घर बांधलं. कायद्यातल्या शेतघराच्या व्याख्येत कुटुंबाचं राहणं बसतं, त्यामुळे त्याचं निभावलं. शिंपी, सुतार, शेतमजूर यांच्याकडे शेतच नाही, मग शेतघर कुठून आणायचं? त्यांनी मिळेल तिथे भिंती उभ्या केल्या आणि 'अतिक्रमण' हे नाव घेतलं. माझ्या वर्गातली कितीतरी हुशार मुलं अशा घरांतून येत.

आणि गावठाणातल्यांकडे काय? ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा. लोक तो जपून ट्रंकेत ठेवतात. पण ती घरपट्टीच्या आकारणीची यादी. पट्टी कोणी भरायची ते ती सांगते, मालकी सिद्ध करत नाही. आजोबांपासून पट्टी भरली तरी घर आपलं ठरत नाही, फक्त पट्टी आपली ठरते.

एवढ्या परवानग्यांत घराकडे कोणी पाहिलं का, हा मला सर्वांत टोचणारा प्रश्न. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसं गेली. बहुतेक घरं मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींची, वर लाकडाचं माळवद आणि त्यावर मातीचे थर. पाऊस गळतो म्हणून जुन्या थरावर नवा थर, असं ओझं वाढत गेलेलं. उन्हाळ्यात थंडगार असणारी ती घरं झोपेतल्या माणसांवर कोसळली. सारा, हद्द, पट्टी, सगळ्याची दप्तरं होती, पण छपरावर किती माती आहे हे विचारणारा रकाना त्यांत नव्हता. नंतर ५२ गावं नव्या जागी वसवली, आखीव रस्त्यांची, मोकळीढाकळी. जुनी पांढरी मागे राहिली.

कोऱ्या गावठाणाची मोजणी अलीकडे सुरू झाली. पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावी ड्रोनने मोजणीचा प्रयोग झाला आणि २०१९ मध्ये राज्याने ही मोजणी सर्वत्र करायचं ठरवलं. २४ एप्रिल २०२० ला केंद्राची स्वामित्व योजना जाहीर झाली, ११ ऑक्टोबर २०२० पासून मिळकत पत्रिका वाटायला सुरुवात झाली. २०२१ च्या फेब्रुवारीत राज्याने खेड्यांतल्या घरांना सवलत दिली. १६०० चौरस फुटांपर्यंतच्या घराला नगररचनाकाराची परवानगी नको. मालकीची कागदपत्रं, नकाशा आणि परवानाधारक अभियंत्याचा दाखला द्यायचा, शुल्क भरायचं आणि काम सुरू करायचं. अभियंत्याचा दाखला हवा हे मला फार बरं वाटलं. पण यादीत मालकीची कागदपत्रंही आहेतच. म्हणजे पत्रिका आलेल्या गावाला सवलत खरी, न आलेल्याला घोडं तिथेच अडलेलं.

पुतण्याला म्हटलं, आधी भूमी अभिलेख कार्यालयात जाऊन आपल्या गावची मोजणी कुठवर आली ते विचार. ड्रोन उडवण्याआधी प्रत्येक मिळकतीची हद्द जमिनीवर चुन्याने आखतात, म्हणजे ती वरून दिसते. पण कोणती रेघ कोणाची हे यंत्राला कळत नाही. त्यासाठी पुढे हक्कचौकशी असते आणि तिथे शेजाऱ्यांनाच विचारतात, ही भिंत कोणाची, हा बोळ कोणाचा. त्या दिवशी घरचं कोणीतरी हजर हवं. आमच्या पूर्वेच्या भिंतीला लागून राहणारे शेजारी आता नव्वदीला आले आहेत. त्यांना तो बोळ नीट आठवतो. त्यांच्या प्रकृतीला जपा, असं पुतण्याला बजावून ठेवलं आहे.