नफा कुणासाठी?

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने सार्वजनिक उद्योगांचे व्यवस्थापन शिकायचे कशाला, असा सवाल पुष्कळदा कानी येतो. सरकारी कारखाने म्हणजे तोट्याचा धंदा, त्यांचा धडा काय घोकायचा! उत्तरासाठी पुण्याशेजारच्या पिंपरीपर्यंत जाऊ या.

मुंबईत १९१३ मध्ये सिडनहॅम कॉलेज निघाले, तेव्हा हिशेब शिकायचा तो मुख्यतः व्यापारी पेढ्यांचा. पुढे १९५६ च्या औद्योगिक धोरणाने १७ उद्योगांची जबाबदारी सरकारने घेतली. त्याच वर्षी आयुर्विमा महामंडळ स्थापन झाले, १९६९ मध्ये १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. बी.कॉम. झालेल्यांसाठी नोकरीचा मोठा दरवाजा सरकारी मालकीचा झाला.

पिंपरीचा हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा कारखाना १९५४ चा. पेनिसिलिन देशातच तयार व्हावे, गरिबाला परवडावे, हा हेतू. १९९७ मध्ये तोच कारखाना आजारी उद्योग ठरला. आता त्याचा ताळेबंद कसा वाचायचा? तोटा कागदावर दिसतो. रोग्याला परवडलेल्या इंजेक्शनची नोंद कोणत्या रकान्यात करायची? आणि हेतू चांगला म्हणून कामगाराचा पगार थकला तर चालेल का?

१९९१ मध्ये त्या १७ राखीव उद्योगांचे ८ झाले. २०२२ मध्ये एअर इंडिया टाटांकडे परतली. मालक बदलतात, प्रश्न राहतो. सरकारी व्यवस्थापकाला मंत्री, संसद, महालेखापरीक्षक, कामगार आणि ग्राहक असे पाच जण जाब विचारतात. या पाचांपुढे उभे राहून निर्णय कसा घ्यावा, हे न शिकवणारी पदवी नफा मोजायला शिकवते. तो कुणासाठी, हे विचारायला शिकवत नाही.