प्रथिने आणि आतड्यातील जिवाणू: डुकरांवरील अभ्यास आपल्याला काय सांगतो?

प्रोटीन जितके जास्त तितके चांगले, असा समज आता गावोगावी पोहोचला आहे. मुरबाड-शहापूर भागात पोलीस भरतीची तयारी करणारी मुले पावडरचे डबे आणतात आणि पोट फुगते, घाण वासाचा गॅस होतो म्हणून दवाखान्यात येतात. त्याच भागातल्या पाड्यांवर अशीही मुले आहेत, ज्यांच्या ताटात डाळ रोज नसते. दोघांचाही प्रश्न प्रथिनांचा, पण उपाय एकमेकांच्या उलट.

न पचलेले प्रथिन कुठे जाते?

डाळ, अंडी, सुकट, दूध यांतील प्रथिनांचे जठरात आणि लहान आतड्यात तुकडे होतात आणि बहुतेक भाग रक्तात शोषला जातो. उरलेला मोठ्या आतड्यात उतरतो. तिथले जिवाणू तो कुजवतात. त्यातून अमोनिया, हायड्रोजन सल्फाइड (सडक्या अंड्याचा वास याचाच) आणि आतड्याच्या अस्तराला त्रासदायक ठरू शकणारे इतर पदार्थ तयार होतात. याच जिवाणूंना चोथा मिळाला, तर ते आधी तो आंबवतात. त्यातून ब्युटिरेट नावाचे आम्ल बनते आणि मोठ्या आतड्याच्या पेशी मुख्यतः त्यावरच जगतात. म्हणून प्रथिने किती खाल्ली याबरोबरच ती किती पचली आणि सोबत चोथा होता का, हेही पाहावे लागते.

डुकराचा दाखला कशाला?

म्हशीला अचानक जास्त पेंड घातली तर तिचे पोट बिघडते, हे म्हशाच्या यात्रेत गुरांचा बाजार करणाऱ्या कोणालाही ठाऊक असते. पण गाय-म्हैस रवंथ करते, तिच्या पोटाची रचना वेगळी. डुकराचे जठर एकच असते, ते आपल्यासारखे सर्व काही खाते आणि त्याचे पचन आपल्या बरेच जवळचे आहे.

डुकराची पिल्ले तीन-चार आठवड्यांची असताना आईपासून तोडतात. त्या वेळी त्यांच्या जठरात आम्ल कमी असते, पाचकरसही अपुरे. अशा पिल्लांना भरपूर प्रथिनांचे खाद्य दिले, की न पचलेला भाग मोठ्या आतड्यात जातो, ई. कोलायसारखे जिवाणू वाढतात आणि हगवण लागते. खाद्यातील प्रथिने थोडी कमी करून आवश्यक अमिनो आम्ले वेगळी दिली, की हगवण कमी होते. मात्र प्रथिने फारच कमी केली, तर पिल्लांची वाढ खुंटते.

हे निष्कर्ष माणसाच्या बाळाला जसेच्या तसे लावू नका. आपल्याकडच्या बहुतेक कुपोषित बाळांना प्रथिने कमीच पडतात. सहा महिन्यांनंतर आईच्या दुधासोबत मऊ शिजवलेला, घोटलेला वरणभात थोडे तेल किंवा तूप घालून द्या. जाहिरातीतल्या पावडरची गरज नाही.

तुम्ही काय करावे?

निरोगी प्रौढाला दर किलो वजनामागे दिवसाला सुमारे 0.83 ग्रॅम प्रथिने पुरतात. 60 किलोच्या माणसाला साधारण 50 ग्रॅम. व्यायाम करणाऱ्याला थोडी जास्त लागतात, पण ती दिवसभरात विभागून घ्या. एका अंड्यात सुमारे 6 ग्रॅम, मूठभर (30 ग्रॅम) कोरड्या डाळीतही जवळपास तेवढीच प्रथिने असतात. कडवे वाल भिजवून, मोड आणून, नीट शिजवले की पचायला सोपे होतात. कच्च्या कडधान्यात प्रथिनांचे पचन अडवणारे घटक असतात. म्हणून कच्चे सोयाबीन दळून दुधात घालण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो ऐकू नका. सोबत नाचणीची भाकरी आणि पालेभाजी असावी.

पावडरने पोट बिघडत असेल तर दोष दर वेळी प्रथिनाचाच नसतो. व्हे पावडरमधली दुधाची साखर अनेक प्रौढांना पचत नाही. दोन आठवडे ती बंद करून पाहा.

मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिनांचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवा, कारण मोठ्या आतड्यात तयार झालेले काही पदार्थ मूत्रपिंडावाटेच बाहेर पडतात. शौचातून रक्त जात असेल, वजन उतरत असेल किंवा पोटाच्या त्रासाने रात्री झोपमोड होत असेल, तर तपासणी लांबवू नका.

बाळाला जुलाब झाले तरी अंगावर पाजणे आणि वरणभात थांबवू नका. ओआरएस द्या, झिंकच्या गोळ्या 14 दिवस पूर्ण करा. डोळे खोल गेले, बाळ सुस्त झाले किंवा काही पीत नसेल, तर लगेच जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या.