रोटरी इंजिनाचं घरगुती विमान वऱ्हाडच्या उन्हात: प्रोपेलर कोणता, रेडिएटर केवढा?

२६ मे २०२० रोजी अकोल्यात पारा ४७.४ अंश सेल्सिअसवर गेला होता. अशा दिवशी शिवणीच्या धावपट्टीवरून एखादं छोटं विमान उडालं आणि त्यात मोटारीचं रोटरी इंजिन बसवलेलं असेल, तर त्याची खरी परीक्षा पहिल्या दोन-तीन मिनिटांतच होते. इंजिन पूर्ण ताकदीवर चालत असतं, विमानाचा वेग कमी असतो आणि बाहेरची हवा तापलेली, विरळ असते. जमीन जवळच असते, पण इंजिन बंद पडलं तर मागे वळून धावपट्टी गाठण्याइतकी उंची अजून मिळालेली नसते.

स्वतःचं विमान स्वतः बांधणाऱ्यांमध्ये रोटरी इंजिनाचे चाहते कमी, पण कट्टर. हे इंजिन निवडलं की दोन प्रश्न लगेच येतात: प्रोपेलर कोणता लावायचा आणि इंजिन थंड कसं ठेवायचं? हे प्रश्न वेगवेगळे वाटतात, पण तसे ते नाहीत, आणि अकोला-अमरावतीसारख्या हवेत तर अजिबातच नाहीत.

महाराष्ट्रात असं काही झालंय का?

घरी विमान बांधण्याचं महाराष्ट्रातलं सर्वांत गाजलेलं उदाहरण कॅप्टन अमोल यादव यांचं. मुंबईत कांदिवलीच्या चारकोप भागात इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनी विमान बांधलं. फेब्रुवारी २०१६ मध्ये ते ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात लोकांनी पाहिलं. २०१७ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे, म्हणजे डीजीसीएकडे, त्याची नोंदणी झाली आणि उड्डाणाचा परवाना मिळायला २०१९ साल उजाडलं. मात्र ते विमान रोटरी इंजिनाचं नव्हतं.

रोटरी इंजिनाचा धागा अहिल्यानगरला, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरला सापडतो. तिथली डीआरडीओची वाहन संशोधन संस्था (व्हीआरडीई), बंगळुरूची राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळा आणि तिथलीच एडीई या तीन संस्थांनी मिळून ५५ अश्वशक्तीचं वांकेल इंजिन तयार केलं. २००९ मध्ये कर्नाटकात कोलारजवळ ते ‘निशांत’ या वैमानिकरहित विमानावर उडालं. ‘निशांत’ ट्रकवरच्या लाँचरमधून सोडलं जायचं आणि पॅराशूटने उतरायचं. त्यात माणूस बसत नव्हता, हा फरक घरगुती विमानाचा विचार करताना विसरून चालत नाही.

रोटरी इंजिन म्हणजे नेमकं काय?

आधी एक गोंधळ दूर करू. पहिल्या महायुद्धातल्या विमानांच्या इंजिनांनाही ‘रोटरी’ म्हणत. त्यांत सिलिंडरांचा अख्खा गठ्ठाच प्रोपेलरसोबत गरगर फिरायचा. इथे विषय त्यांचा नाही, जर्मन अभियंता फेलिक्स वांकेल यांच्या इंजिनाचा आहे. त्याचा पहिला नमुना १९५७ मध्ये एनएसयू कंपनीत चालला. पुढे जपानच्या माझदाने ते मोटारींत रुजवलं. १९९१ ची ल मॉंची २४ तासांची शर्यत जिंकणारी माझदाची गाडी याच जातीच्या इंजिनावर धावली.

यात पिस्टन नसतो आणि व्हॉल्व्हही नसतात. फुगीर बाजूंचा त्रिकोणी रोटर एका लांबट घरात फिरतो आणि त्याच्या तीन बाजूंवर शोषण, दाब, ज्वलन, निकास ही कामं एकामागून एक होत राहतात. रोटरचा एक फेरा होईपर्यंत शाफ्ट तीन फेरे मारतो. घरगुती विमानांत जास्त दिसतं ते माझदाचं १३बी: दोन रोटर, प्रत्येकी ६५४ घनसेंटिमीटर. आकार लहान, कंपनं कमी आणि हलणारे मुख्य भाग अवघे तीन, म्हणजे दोन रोटर आणि एक शाफ्ट. वैमानिकाला यातलं सर्वांत जास्त काय आवडतं, तर तुटण्यासारखं फार काही नसणं.

मग गिअरबॉक्स का लागतो?

कारण या इंजिनाची ताकद जास्त फेऱ्यांवर मिळते, साधारण मिनिटाला ६,००० च्या आसपास. १.८ मीटर व्यासाचा प्रोपेलर थेट तेवढ्या वेगाने फिरवला, तर पात्याचं टोक सेकंदाला सुमारे ५६५ मीटर धावेल. १५ अंशांच्या हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला ३४० मीटर असतो. टोक त्याच्या जवळ गेलं तरी कानठळ्या बसतात आणि ताकद वाया जाते. ओलांडून पुढे जाणं तर परवडणारच नाही.

म्हणून मध्ये गिअरबॉक्स येतो. अमेरिकेतल्या हौशी विमानबांधणाऱ्यांना २.१७ आणि २.८५ ही दोन गुणोत्तरं चांगली परिचित आहेत. पहिल्यात इंजिनाचे ६,००० फेरे प्रोपेलरला २,७६५ होऊन मिळतात, दुसऱ्यात २,१०५. दुसऱ्या गिअरबॉक्सवर दोन मीटरचा प्रोपेलरही निवांत चालतो, टोकाचा वेग सेकंदाला २२० मीटरच राहतो. मोठा आणि सावकाश फिरणारा प्रोपेलर कमी वेगात जास्त ओढ देतो. मात्र तो जमिनीच्या तितकाच जवळ येतो, आणि खडी उडणाऱ्या पट्टीवर पात्याच्या कडेला खाचा पडायला वेळ लागत नाही.

एक बारीक गोष्ट इथे अनेकदा राहून जाते. ग्रहमालेसारख्या रचनेच्या गिअरबॉक्समधून प्रोपेलर साधारणपणे इंजिनाच्याच दिशेने फिरतो, तर दोन साध्या दातेरी चाकांच्या जोडीत दिशा उलटते. गिअरबॉक्स ठरवण्याआधी प्रोपेलर मागवला, तर उलट्या हाताचा प्रोपेलर घरात पडून राहायची वेळ येते.

पात्याचा कोन स्थिर की बदलता?

स्थिर कोनाचा लाकडी प्रोपेलर स्वस्त आणि हलका असतो. लाकूड कंपनंही बऱ्यापैकी जिरवतं. धातूच्या पात्याला इंजिन आणि गिअरबॉक्सची कंपनं नेमक्या चुकीच्या वारंवारितेवर मिळाली, तर ते थकून तुटू शकतं. पण स्थिर कोनाची अडचण उड्डाणाच्या वेळी कळते. कोन वेगवान प्रवासासाठी ठरवला असेल, तर जागेवर उभ्या विमानात इंजिनाला ६,००० फेरे गाठताच येत नाहीत. समजा, ते ४,८०० वर अडकलं. रोटरीची ताकद ढोबळमानाने फेऱ्यांच्या प्रमाणात वाढते, म्हणजे १६० अश्वशक्तीच्या इंजिनातून उड्डाणाला १२८ च मिळाल्या.

कोन उड्डाणात बदलता येत असेल, तर हा तोटा टळतो. नेहमीच्या विमानांत हा बदल इंजिनाच्या तेलाच्या दाबाने होतो आणि त्यासाठी शाफ्टमधून तेलाची वाट लागते. मोटारीच्या इंजिनाला जोडलेल्या गिअरबॉक्समध्ये ती असेलच असं नाही. म्हणून अशा विमानांत विजेच्या मोटरने कोन बदलणारे प्रोपेलर दिसतात. ते महाग आहेत आणि वजनही वाढवतात. तरीही वऱ्हाडात उडवायचं असेल तर हा खर्च चैनीचा नाही. तो का, हे उष्णतेच्या हिशेबात कळतं.

या इंजिनाला उष्णतेचं एवढं वावडं का?

पिस्टन इंजिनात ज्या जागी स्फोट होतो, त्याच जागी पुढच्या क्षणी थंड हवा येते. रोटरीत ज्वलन नेहमी घराच्या एकाच बाजूला होतं आणि थंड हवा नेहमी दुसऱ्या बाजूने शिरते. त्यामुळे एक बाजू कायम भाजत राहते. रोटरचं अ‍ॅल्युमिनियमचं घर लोखंडी भिंतींच्या मध्ये लांब बोल्टांनी आवळलेलं असतं आणि सांध्यांत रबरी कड्या असतात. पाणी एकदा जास्त तापलं की घर वाकतं, कड्या जातात आणि कूलंट ज्वलनकक्षात शिरतं. गाडी रस्त्याच्या कडेला थांबवता येते. विमानाला ती सोय नाही.

त्यात आणखी एक भर म्हणजे तेल. रोटर आतून तेलाने थंड होतो आणि इंजिनाबाहेर काढायच्या उष्णतेचा साधारण एक तृतीयांश वाटा तेलातून जातो. म्हणजे ऑइल कूलर हा रेडिएटरच्या शेजारी जागा मिळाली म्हणून बसवायचा छोटा डबा नाही.

अकोल्याचं गणित काय सांगतं?

कूलंट १०० अंशांवर आणि बाहेर १५ अंश असतील, तर फरक ८५ अंशांचा. बाहेर ४५ असतील, तर ५५ चा. रेडिएटरची उष्णता फेकण्याची क्षमता याच फरकावर चालते, म्हणजे ती पहिल्याच्या सुमारे ६५ टक्क्यांवर आली. शिवाय ४५ अंशांची हवा, अकोल्याची थोडीफार उंची धरली तर, समुद्रसपाटीच्या थंड हवेपेक्षा १२ टक्क्यांच्या आसपास विरळ असते. दोन्ही एकत्र धरले तर तोच रेडिएटर, त्याच वेगाला, जेमतेम ५७ टक्के काम करतो. विरळ हवेत इंजिनाची ताकद आणि उष्णताही थोडी घटते, पण एवढी नाही.

पंख आणि प्रोपेलर यांनाही हीच विरळ हवा मिळते. मे महिन्यातल्या अशा दुपारी विमानाला अकोल्याची धावपट्टी सुमारे १,४०० ते १,५०० मीटर उंचीवर असल्यासारखी वाटते. अमरावती जिल्ह्यातलं चिखलदरा १,१०० मीटरच्या आसपास आहे. म्हणजे सपाटीवर उभं असलेलं विमान चिखलदऱ्याच्याही वरच्या हवेत असल्यासारखं वागतं. धाव लांबते, चढाई मंदावते आणि पूर्ण ताकदीची मिनिटं वाढतात.

प्रोपेलर इथे कशी मदत करतो?

रेडिएटरमधून हवा ढकलणारा दाब वेगाच्या वर्गाने बदलतो. ताशी २६० किलोमीटरच्या प्रवासात जेवढा दाब मिळतो, त्याचा चौथा हिस्सा १३० च्या चढाईत मिळतो, आणि सर्वाधिक उष्णता नेमकी चढाईत तयार होते. प्रोपेलर चांगली ओढ देत असेल, तर वैमानिक नाक थोडं खाली ठेवून १३० ऐवजी १६० ने चढू शकतो. तेवढ्याने दाब दीडपट होतो. ओढ कमी पडत असेल तर हा मार्गच बंद. पात्याचा कोन बदलणारा महागडा प्रोपेलर असा रेडिएटरचंही काम हलकं करतो.

रेडिएटर नुसता मोठा करून भागत नाही. तोंड लहान, मागे हळूहळू रुंदावणारी वाट, जाड जाळी आणि बाहेर पडायला उघडझाप होणारी झडप, ही रचना जास्त उपयोगी ठरते. काही जण रेडिएटर म्हणून मोटारीच्या एसीचे इव्हॅपोरेटर वापरतात. तोंड अगदी प्रोपेलरच्या मुळाशी असेल तर जमिनीवर फारसा वारा मिळत नाही, कारण पात्याचा तो भाग हवा जेमतेमच ढकलतो. ज्यांचा प्रोपेलर मागे असतो, त्या विमानांची जमिनीवर आणखी पंचाईत होते.

आपल्या डेझर्ट कूलरची युक्तीही विमानात चालते. शर्यतीच्या विमानांत रेडिएटरवर पाणी फवारतात आणि वऱ्हाडच्या कोरड्या उन्हाळ्यात ते झटकन उडून जाईल. पण एक लिटर पाणी पूर्ण वाफ झालं तरी ६० किलोवॅट उष्णता जेमतेम ४० सेकंद शोषेल. एका चढाईसाठी चार-पाच लिटर वाहून न्यायचे, तर तेवढं वजन विरळ हवेत उचलावं लागणार.

चाचणी कधी घ्यायची?

भारतात असं विमान डीजीसीएच्या परवानगीशिवाय उडवता येत नाही. परवानगीनंतरची पहिली उड्डाणं थंड सकाळी करणं शहाणपणाचंच, पण त्यात एक फसगत दडलेली असते. डिसेंबरात १५ अंशांत, पूर्ण ताकदीच्या चढाईत कूलंट ८५ वर स्थिरावलं, तर सगळं ठीक वाटतं. प्रत्यक्षात ते बाहेरच्या हवेपेक्षा ७० अंश वर होतं. त्याच ताकदीला आणि त्याच वेगाला हा फरक साधारण तेवढाच राहतो. मे महिन्यात बाहेर ४५ असतील, तर काटा ११५ दाखवेल. दाबाच्या झाकणामुळे कूलंट तेव्हाही उकळणार नाही, पण रबरी कड्यांना आणि अ‍ॅल्युमिनियमला ते सोसेलच असं नाही. म्हणून डिसेंबरातल्या नोंदवहीत कूलंट आणि तेल या दोन्हींच्या काट्यांशेजारी बाहेरचं तापमान आणि चढाईचा वेग लिहिलेला असावा लागतो. ७० चा तो फरक ५५ वर येईपर्यंत हवेची वाट, ऑइल कूलर किंवा प्रोपेलर यांपैकी काहीतरी बदलत राहावं लागतं.