साखर आली कुठनं?

"आरं, चहा सोडला तर मी गोडाचं काही खात न्हाई. मग ही साखर रक्तात आली कुठनं?"

2004 साली तालुक्याच्या दवाखान्यातून परत येताना अण्णांनी एसटीत मला विचारलं. मला उत्तर देता आलं नाही. मधुमेह म्हणजे गादीवर बसणाऱ्या शेठ-सावकारांचा आजार, अशी गावाची समजूत. अण्णांचे हातपाय तर काडीसारखे, पोट तेवढं जरा पुढं आलेलं. पण दोन-तीन वर्षांत आमच्या आळीतच आणखी चार-पाच जण सापडले. तेव्हा वाटलं, हे उत्तर एकट्या अण्णांच्या ताटात मिळायचं नाही. गावाच्या मागच्या पन्नास वर्षांत बघावं लागंल.

1972 च्या दुष्काळात अण्णा बावीस वर्षांचे होते. ते रस्त्याच्या कामावर खडी फोडायचे, आई पाझर तलावावर मातीच्या पाट्या वाहायची. मे 1973 मध्ये राज्यात जवळजवळ 50 लाख माणसं अशा कामांवर होती. कामावर सुकडी मिळायची, घरात मिलो, म्हणजे अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी. दुष्काळाआधीही अंग मोडायचंच. बायांचा दिवस जात्यावर सुरू व्हायचा, गड्यांचा मोटेवर. खायला बाजरीची भाकर, हुलग्याचं माडगं, मटकीचं कोरड्यास, रानातली भाजी. गव्हाची पोळी सणाला आणि भात लग्नात. त्या जेवणाचं आज कौतुक होतं, पण आई सांगते, "पोटभर कुणाला मिळायचं? बाया तर शेवटी तवा पुसून खायच्या."

मग गिरणी आली, वीज आली, मोट गेली. ऊस आला. ट्रॅक्टर आला, मागनं मोटारसायकली. रेशनवर गहू-तांदूळ मिळू लागला. दिवसातून एकदा होणारा चहा पाच वेळा झाला. कष्ट हलके झाले, हे चांगलंच झालं; जात्यावर मान मोडलेल्या बाईला विचारा. पण घाम काढणारी कामं एकेक करून गेली आणि ताटातल्या चार भाकरी तेवढ्याच राहिल्या. वर भाताचा ढीग आला.

याचा शरीराशी संबंध काय, ते मी अण्णांना पुढं त्यांच्याच भाषेत सांगितलं. जेवणातली भाकर, पोळी, भात, सगळ्याची पोटात साखरच होते. ती रक्तातून पाटाच्या पाण्यासारखी फिरते. इन्सुलिन म्हणजे दारं धरणारा गडी. तो दार फोडतो तेव्हा पाणी वाफ्यात जातं. सगळ्यात मोठं वावर म्हणजे आपले स्नायू. काम केलं की तिथला साठा संपतो, वावर तहानतं. बसून राहिलं, पोटात आणि यकृतात चरबी साठली, की दारं गड्याला दाद देईनाशी होतात. शरीर आणखी गडी लावतं. काही वर्षांनी गडीच पुरे पडत नाहीत आणि पाणी पाटातच तुंबतं. पण चालताना, खोदताना स्नायूंची दुसरी दारं गड्यावाचूनच उघडतात आणि पुढं एक-दोन दिवस त्या वावराला गड्याची हाक नीट ऐकू येते.

बारीक माणसालाच हे का, याचा धागा आमच्यासारख्याच गावांत सापडला. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायांचा अभ्यास केला. तिथल्या बाळांचं वजन सरासरी 2.7 किलो, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं 3.5. आपल्या बाळांत स्नायू कमी होते, चरबी मात्र त्या मानानं टिकलेली. तवा पुसून खाणाऱ्या आयांच्या पोटातूनच लहान वावर घेऊन आलेली ही पोरं, आणि नंतर त्यांच्या पाटाला पाणी सुटलं दुप्पट.

अण्णा एवढंच म्हणाले, "म्हंजी दुष्काळ अजून अंगातनं गेला न्हाई."

त्यांनी गोळी घेतली, आजही घेतात. पण चारच्या दोन भाकरी केल्या, भात मुठीएवढा, मटकी-हुलगा पुन्हा रोजचा, चहा बिनसाखरेचा. भाकरीत जादू नाही. न हलता चार खाल्ल्या तर तीही साखर वाढवते. मोटारसायकल माझ्याकडं दिली आणि ते मळ्यापर्यंत पायी जाऊ लागले, जाऊन-येऊन चार किलोमीटर. सहा महिन्यांत साखर बरीच उतरली. आजार गेला नाही, आवरला.

आता पाळी माझी. गेल्या वर्षी माझी साखर काठावर निघाली. काठावरच्याला वाट असते, हे चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या 2006 सालच्या अभ्यासात दिसलं होतं. तीन वर्षांत, सल्ल्याविना राहिलेल्या शंभरातल्या 55 जणांना मधुमेह झाला. ज्यांना खाण्याचा आणि चालण्याचा सल्ला दिला, त्यांच्यात 39 जणांना.

मळ्यातली मोटार मी मोबाईलवरून चालू करतो. काल बटण दाबलं, तर अण्णा दारात चपला घालत उभे. म्हणाले, "पाणी सुटलं, पर दारं कोण धरणार? चल."