‘नागिन’ची धून, क्लॅव्हिओलिन आणि कल्याणजी-आनंदजी : एक दृष्टिक्षेप

इलेक्ट्रॉनिक की-बोर्डमुळे झाडीपट्टी रंगभूमीवरील अस्सल लोकसूर हरपला, असा आक्षेप चंद्रपूर-गडचिरोली परिसरात ऐकू येतो. प्रस्तुत लेखात या आक्षेपाचा विचार चित्रपटसंगीताच्या इतिहासाच्या आधारे केला आहे.

हेमंतकुमार यांचे संगीत लाभलेल्या ‘नागिन’ (१९५४) या चित्रपटातील सुप्रसिद्ध पुंगी ही वस्तुतः पुंगी नव्हतीच. कल्याणजी वीरजी शहा यांनी ती धून क्लॅव्हिओलिनवर वाजविली. हार्मोनियमची साथ रवी यांची होती. फ्रान्समध्ये १९४७ साली कॉन्स्टंट मार्टिन यांनी तयार केलेल्या या विद्युत्-वाद्यातून एका वेळी एकच स्वर निघे. त्या अखंड, अनुनासिक स्वरात कल्याणजींनी गारुड्याचा सूर ओळखला. पुढे १९५९ पासून धाकटे बंधू आनंदजी यांच्यासह ते संगीतकार-जोडी म्हणून मान्यता पावले.

आज आपल्याकडील वरातींत बँडपथके हीच धून वाजवितात आणि ती लोकधून म्हणूनच ऐकली जाते. यावरून असे म्हणता येईल की, सुराचा अस्सलपणा केवळ वाद्याच्या बनावटीवर ठरत नाही. झाडीपट्टीतील की-बोर्डवादकाने दंडारीचा सूर किती जाणला, हे तपासणे अधिक उचित होय. त्यासाठी या वादकांची नावे व त्यांचे वादन यांची नोंद होणे अगत्याचे आहे. अन्यथा धून उरेल, वादक विस्मृतीत जाईल.