घटिकापात्र आणि भोवरा

मनगटावरील यांत्रिक घड्याळांचा, विशेषतः ज्यांत 'तूर्बियों' नामक रचना बसविलेली असते अशा भारी किंमतीच्या घड्याळांचा संग्रह करणें हा निव्वळ श्रीमंतांचा छंद होय, असें सामान्यतः समजलें जातें. परंतु या छंदाच्या मुळाशीं इतिहासाचा एक प्रश्न आहे. अचूक वेळ म्हणजे कोणाची वेळ? कऱ्हेकांठची बारामती आणि भीमेच्या खोऱ्यांतील इंदापूर या दोन गांवांच्या उदाहरणानें तो चांगला उलगडतो.

आपल्याकडे अहोरात्राच्या 60 घटिका व घटिकेचीं 60 पळें मानीत. म्हणजे घटिका 24 मिनिटांची आणि पळ 24 सेकंदांचें. तळाशीं बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी पाण्यांत सोडावयाची. ती भरून बुडाली कीं एक घटका झाली. लग्नाचा मुहूर्त साधावयाचा तो याच पात्रावर. 'घटका भरली' या शब्दांनीं आपण मरणाचीहि वेळ सांगतों. मोरोपंत (1729–1794) बारामतीस काव्यरचना करीत होते तेव्हां लोकांचा काळ या मापानें चालत असे. हा काळ ज्या त्या गांवाचा असे. इंदापूर बारामतीच्या पूर्वेस असल्यामुळें तेथें सूर्य सुमारें पावणेदोन मिनिटें, म्हणजे चार पळांहून किंचित् अधिक, आधीं माथ्यावर येतो. दोन्ही गांवांची दुपार आपापल्या जागीं खरीच होती.

पंतांच्या निधनानंतर सात वर्षांनीं, 26 जून 1801 रोजीं, पॅरिस येथील अब्राहम-लुई ब्रेगे या कारागिरास तूर्बियोंचें पेटंट मिळालें. शब्दाचा अर्थ वावटळ अथवा भोवरा. खिशांतलें घड्याळ दिवसभर उभेंच राही; बॅलन्सच्या चक्राचा तोल रतिभर जरी एका अंगास असला, तरी पृथ्वीच्या आकर्षणामुळें तें पुढें किंवा मागें पडे. ब्रेगे यानें तें चक्र व त्यास ठेका देणारे भाग एका लहानशा पिंजऱ्यांत बसवून तो पिंजराच सतत फिरता ठेविला. चुका नाहींशा झाल्या नाहींत. त्या एकमेकींस फेडूं लागल्या. पुढें घड्याळ मनगटावर आलें. हात सदा हालताच असल्यामुळें भोवऱ्याची गरज बव्हंशीं संपली. आणि 1969 सालीं जपानांत स्फटिकाचें मनगटी घड्याळ विक्रीस आल्यावर अचूकपणाची पैजहि यंत्रानें हरली. तरी त्याचें मोल वाढतच गेलें.

इकडे काळाचें स्वामित्व बदललें होतें. 1 जानेवारी 1906 पासून हिंदुस्थानासाठीं एकच प्रमाणवेळ ठरली. ती मुंबईच्या वेळेहून 39 मिनिटें पुढें. म्हणून मुंबईकरांनीं तिला जोराचा विरोध केला, आणि तेथील म्युनिसिपालिटी 1955 पर्यंत 'मुंबई टाइम'च पाळीत होती. बारामतीकडे 1914 सालीं दौंडहून अरुंद मापाची आगगाडी आली, ती ही नवी वेळ घेऊनच. बारामतीच्या सूर्यापेक्षां ही वेळ सरासरीनें सुमारें 32 मिनिटें पुढें आहे. म्हणजे दिवसाकाठीं दोन-चार सेकंदांसाठीं झगडणारें यंत्र मनगटावर बांधून कोणी कऱ्हेच्या वाळवंटांत उभा राहिला, तरी सूर्य माथ्यावर येण्याआधीं अर्धा तास त्याच्या घड्याळांत बारा वाजलेले असतील. यंत्र चुकलें असें नव्हे. अचूकपणा हा कराराचा गुण आहे, सूर्याचा नव्हे, एवढाच त्याचा अर्थ. हा करार नसता तर आगगाड्या चालल्या नसत्या, हेंहि तितकेंच खरें.

मग संग्राहक जपतो तें काय? उपयोग सरल्यावरहि उरलेली मानवी हाताची बुद्धि. हें कारण मला सर्वथा मान्य आहे. परंतु तेंच कारण तांब्याच्या वाटीसहि लागू पडतें. पुण्यांत दिनकर केळकर यांनीं जुने दिवे व अडकित्ते यांसारख्या घरगुती वस्तू जन्मभर जमवून 1975 सालीं त्या सरकारच्या स्वाधीन केल्या. तोंपर्यंत अशा वस्तूंना संग्रहालयाची योग्यता आहे असें किती घरांना वाटत होतें? ब्रेगेच्या भोवऱ्यास राखणदार पुष्कळ आहेत. आपल्या माळ्यावरचें घटिकापात्र मात्र मोडीच्या भावानें जातें, आणि त्यासरशी तें कसें वापरावें हें सांगणारें माणूसहि जातें. संग्रहाची हौस ज्यांस आहे त्यांनीं प्रथम आपल्या घरचा माळा पाहावा.